मास्तरांचा ‘कोनाचा?’

मास्तरांनी इंदूच्या पोराला दोन्ही काखांत धरून माळ्याच्या झरोक्यातून बाहेर काढलं आणि खाली तोंड करून ओरडले, "कोनाचा?"

त्यांच्या मागं इंदूचं घर जळत होतं. पुढची छपरी खाली आली होती, दाराचा रस्ता बंद झाला होता. उन्हाळ्याची भर दुपार, वारा सुटलेला, शेजारच्या तणसाच्या ढिगातून ठिणगी उडाली आणि घर पेटलं. पोर वर्षाचंही नव्हतं. अंगावर चिंधी नाही. धुरानं त्याचा आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडत होतं. झरोका दोन पुरुष उंचीवर. खाली बोळ, आणि बोळात कुंपणासाठी आणून टाकलेले दगड. अर्धं गाव तिथं उभं होतं.

"कोनाचा?" मास्तरांनी पुन्हा विचारलं.

कोणी बोललं नाही. हातात रिकाम्या बादल्या घेतलेली माणसं, आगीची झळ तोंडावर, आणि सगळ्यांच्या माना खाली. मग मागून एक जण म्हणाला, "तुहाच!" आणि दोघं-तिघं हसले.

हसले. मी माझ्या कानांनी ऐकलं. ज्यानं म्हटलं त्याचं नाव सांगत नाही, त्याची नातवंडं गावात आहेत. पण माणसं अशा वेळी हसू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. अजूनही ते मनाला पटत नाही.

मास्तर तसं का विचारत होते हे आम्हा सहा बायांना माहीत होतं. गावालाही माहीत होतं. पण गावानं त्या शब्दाचं वेगळंच करून ठेवलं होतं. म्हणून आधी मास्तर सांगावे लागतात.

मास्तर साकोलीकडचे. आमचं गाव कोंढ्याजवळ. शाळेत खेळ शिकवणारा मास्तर येणार म्हणून सगळे बघायला गेले होते. आम्हाला वाटलं, काटक माणूस असेल. हे बसच्या दारातच अडकले. कंडक्टरनं मागून ढकललं तेव्हा बाहेर आले. एवढं पोट, आणि खाली हाफपँट. बाया तोंडावर पदर घेऊन पळाल्या. पुरुष विचारायला लागले, "मास्तर, तुमी उडता कसे?"

"मी उडत नाई," मास्तर म्हणाले. "मी उडवतो."

गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी. आंघोळीला, जेवायला, लग्नाला, सगळीकडं तीच. चूक दिसली की शिट्टी वाजवायची. बरोबर केलं तर काही नाही, शाबासकी नाही, मानही हलवत नसत. गावच्या एका म्हाताऱ्याच्या मयतीला खांदेकऱ्यांची पावलं जुळेनात, तिरडी डुलायला लागली, तर यांनी शिट्टी फुंकली. सगळी मयत जागेवर थांबली. रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. मास्तर पुढं जाऊन म्हणाले, "गुडघे ताठ ठेवले का म्हातारा पडतेच. गुडघे वाकवा." त्या दिवशी त्यांना मारच बसायचा. पण खांदेकऱ्यांनी गुडघे वाकवले आणि तिरडी डुलायची थांबली, म्हणून वाचले.

माणसाच्या तोंडाकडं ते बघतच नसत, गुडघ्यांकडं बघत. एकदा कोणीतरी त्यांना शहाणा माणूस म्हणून मुलगी बघायला सोबत नेलं. मुलगी पोहे घेऊन आली. सगळे नाव-गाव विचारत होते. मास्तर म्हणाले, "बाई, जरा उकिडवी बसून दाखव." मुलीच्या बापानं पोह्यांच्या बश्या परत आत पाठवल्या.

आमच्यावर त्यांची नजर पडली ती रोवण्याच्या दिवसांत. आम्ही बांधीत कमरेतून वाकून धान लावत होतो, पाय चिखलात. हा माणूस बांधीच्या कडेला धुऱ्यावर छत्री घेऊन उभा आणि मागून बघतोय. एक वेळ नाही, रोज. आम्ही शिव्या दिल्या. एकीनं चिखलाचा गोळा फेकून मारला. त्यांनी छत्री टाकली, हात जोडले आणि गोळा हातावर घेऊन परत तिच्याकडं उडवला. मग पाटलाकडं जाऊन म्हणाले, "पाटील, तुमच्या गावच्या सुनांच्या कमरा पाह्यल्या. अशा कमरा जिल्ह्यात नाईत."

पाटील काठी घ्यायला उठले.

"अगा पाटील, खाली बसा. दिवसभर अशी वाकून रायनारी बाई हालीबालमधी किती वेळ वाकंन, सांगा."

"शाळेतल्या पोट्ट्या घ्या ना मास्तर. सुना कायले?"

"पोट्ट्या लग्न करून दुसऱ्या गावाले जातेत. मी शिकवू अन् दुसऱ्या गावानं खेळवाव का? सुना कुठी जातेत? सुना इथंच रायतेत."

पाटील खाली बसले. मुलींचं म्हणाल तर शाळेत चौथीपुढं मुलगी टिकतच नव्हती. मीही चौथीच शिकले.

सासरे काही असे ऐकणार नव्हते. मास्तरांनी त्यांना लालूच दाखवली. पावसाळ्याआधी घराचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरून नीट लावावे लागतात, आणि त्याला माणसं मिळत नाहीत. मास्तर म्हणाले, ज्या घरची सून देईल त्या घराचं छप्पर मी फेरून देतो, फक्त रांगेत सुना पाहिजेत. सहा घरं तयार झाली. आम्ही अंगणापासून शिडीपर्यंत उभ्या राहायचो आणि एकीनं दुसरीकडं कवेलू उडवायचा, कपाळाच्या वरून, दहा बोटांनी.

"धरू नका वो!" मास्तर ओरडायचे. "बोटावर आला का वर गेला पाह्यजे. बाईचा हात जे आलं ते धरतेच. धरनं सोडा."

पहिल्या घराचे निम्मे कवेलू फुटले. माझा सासरा कपाळ बडवत बसला. पण शेवटच्या घराला एकही फुटला नाही. मग मास्तरांनी खरा व्हॉलीबॉलचा चेंडू दिला, तर तो हातात कापसासारखा वाटला.

खालून येणारा चेंडू कसा घ्यायचा हे शिकवताना मात्र आम्ही हादरलोच. मास्तर म्हणाले, "लेकराले न्हाऊ घालता तेव्हा पाय कसे लांब करून जोडता? मधी फट रायते का? नाई. लेकरू घसरते का? नाई. तसे हात जोडा, कोपरापासून मनगटापर्यंत. अन् चेंडू आला का गुडघ्यातून खाली जा. लेकरू पायावर आपटत नाईत, अलगद घेतेत."

"यानं बायांचं न्हानं कुठी पाह्यलं?" एकीनं हळूच विचारलं. मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं.

"मी का जन्मल्यापासून मास्तर आहो का?" मास्तर म्हणाले. "मलेबी कोनी न्हाऊ घातलंच असंन ना."

ताकद वाढवायची त्यांची पद्धत गावाला सगळ्यात जास्त झोंबली. आम्हाला वाटलं पळवतील. ते म्हणाले, पाणी आणून, लाकडं आणून तुम्ही रोज पळताच. तुम्हाला पळवायचं नाही, झोपवायचं आहे. थकलेली बाई उडत नाही. दुपारी जेवण झाल्यावर सुनांनी आडवं व्हायचं. आणि हे खरंच होतं की नाही ते बघायला दारोदार फिरायचे. माझ्या सासूला दारातून विचारायचे, "सून झोपली का?"

"झोपंन कशी? भांडे कोन घासंन?"

"तुमी घासा."

सासू दोन दिवस जेवली नाही. मग मास्तर जेवणाचंही बघायला लागले. सून सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते हे त्यांना चालत नव्हतं. "तिचं ताट दाखवा," म्हणायचे. "दाळ कुठं आहे? भातच भात. भातानं पोट वाढते, हे पाहा," म्हणून स्वतःच्या पोटावर थाप मारायचे. गावात आजवर कोणी परक्या पुरुषानं सुनेचं ताट बघितलं नव्हतं. माझा नवरा रागानं म्हणाला, हा कोण लागून गेला. पण दुसऱ्या दिवशी त्यानंच माझ्या ताटात दाळ वाढली. मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

आता तो शब्द. एकदा चेंडू दोघींच्या मधे आला. इंदू एकीकडून धावली, दुसरी दुसरीकडून. डोक्यावर डोकं आपटलं. दुसरीचा पुढचा दात मातीत पडला. इंदू बेशुद्ध. त्या दिवसापासून मास्तरांनी नेम केला. चेंडू वर धरायचा, कोणाकडं न बघता ओरडायचं, "कोनाचा?" चेंडू माझा म्हणून आमच्यातल्या एकीनं मोठ्यानं म्हणायचं, "माहा!" जिनं म्हटलं तिनं जायचं, बाकीच्यांनी मागं सरकायचं. कोणी बोललं नाही तर मास्तर चेंडू टाकत नसत. हात भरून येईपर्यंत तसेच उभे राहत.

आम्ही कशा म्हणणार? नवऱ्याचं नाव घेत नाही आम्ही, आणि चारचौघांत ओरडायचं "माहा"? पुरुष देवळाच्या ओट्यावर बसून तमाशा बघत. एकीनं हळूच "माहा" म्हटलं की तिकडून यायचं, "कोन तुहा वो, वहिनी? सांगून टाका!" आणि हशा. आम्ही रडकुंडीला यायचो. मास्तरांना फरक नाही. त्यांनी आम्हाला चेंडूशिवाय धुऱ्याधुऱ्यावर उभं करून ओरडायला लावलं. मी पहिल्यांदा मोठ्यानं ओरडले तेव्हा सासऱ्याच्या तोंडातली बिडी खाली पडली. पण एकदा तोंडातून निघालं की मग सोपं होतं. पुढं पुढं आम्ही विहिरीवरच्या दोरालाही "माहा" म्हणायला लागलो.

साकोलीला आम्ही एकदाच खेळलो. समोर शिकलेल्या मुली, पायात बूट. आम्ही लुगड्याचा काष्टा मारलेल्या, अनवाणी. लोक आम्हाला बघायला आले होते, खेळ बघायला नाही. आम्ही हरलो. परत येताना बसमधे सगळ्या तोंड पाडून बसलो होतो आणि मास्तर खूश. "हरल्या," ते म्हणाले, "पन एकीनंबी धरलं नाई."

इंदूबद्दल सांगते. इंदूचा नवरा साप चावून मेला होता. लेकरू नाही. सासू-सासरेही गेले होते. सासऱ्यानं बांधलेल्या माळ्याच्या घरात ती एकटीच राहायची. आमच्यात सगळ्यात चपळ तीच. साकोलीहून आल्यावर पुढच्या साली तिचं पोट दिसायला लागलं.

मी तिला विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही. मला आजही माहीत नाही. गाव मात्र विचारत राहिलं, आणि गावाला शब्द आयता मिळाला होता. इंदू पाण्याला निघाली की ओट्यावरून आवाज यायचा, "कोनाचा?" दुसरा म्हणायचा, "माहा नाई बाप्पा!" मोठी माणसं, लेकरंबाळं असलेली. एकानं चेंडूसारखं ढेकूळ फेकलं, ते तिच्या पाण्याच्या गुंडीला लागलं. गुंडी डोक्यावर, पोटात सातवा महिना, आणि हे.

मास्तरांना चावडीवर बोलावलं. आम्ही सहाही जणी मागं उभ्या होतो, इंदू धरून. पाटील म्हणाले, "मास्तर, सीधं सांगा. कोनाचा?"

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. मग म्हणाले, "मले काहून इचारता? मी त इचारनारा आहो. चेंडू मधात पडला आहे अन् सारे एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राहिले. ज्यानं बोलाव तो बोलत नाई."

हे चावडीवरच्यांना झोंबलं. म्हणाले, मास्तर गावालाच उलट बोलतो. त्याच संध्याकाळी खेळाचं जाळं काढलं आणि पाटलाच्या वांग्याच्या वाफ्यावर कोंबड्या येऊ नयेत म्हणून टाकलं. खेळ बंद. सुनांनी घराबाहेर पडायचं नाही. मास्तर फक्त इंदूच्या दारात जाऊन एवढंच बोलले, "जेव. झोप." ते आणखी बोलले असते तर बरं झालं असतं की वाईट, कोण जाणे. तिथून पुढं ते शाळेतल्या पोरांनाही "कोनाचा" विचारत नसत. चेंडू नुसता टाकून द्यायचे.

आग लागली त्या दुपारी इंदू तेंदूपत्त्याला जंगलात गेली होती. शेजारच्या म्हातारीला घरात पोराजवळ बसवलं होतं. धूर बघून म्हातारी पळत बाहेर आली आणि बाहेर आल्यावर तिला पोर आठवलं. लोक दारापर्यंत जाऊन मागं येत होते. मास्तर शाळेच्या ओसरीत झोपले होते. ते नुसत्या बनियनवर आले, गळ्यात शिट्टी. त्यांना पळताना गावानं पहिल्यांदा पाहिलं. ते थांबलेच नाहीत, सरळ दारातून आत गेले. ते आत गेले आणि छपरी पडली.

मग माळ्यावरचा झरोका उघडला. मास्तरांनी डोकं बाहेर काढलं. एक खांदा काढला. दुसरा निघेना. मी बघत होते. ते मागं सरकले, पुन्हा एकदा कुशीवर होऊन बघितलं. मग डोकं आत गेलं आणि पोर बाहेर आलं.

"कोनाचा?"

"तुहाच!" आणि ते हसणं, जे मी सांगितलं.

तेवढ्यात चार पुरुष एकदम दगडांकडं सरकले, कोणी हात वर केले, एकाला दुसरा ढकलत होता. मास्तर टाकेनात. त्यांच्या मागं लाल दिसत होतं. पोराचे पाय लोंबत होते. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. आवाज फाटला होता, पण चेंडू टाकताना असायचा तसाच, कोणाचंच नाव न घेता.

माझ्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला सासरा. समोर पाटील. त्या पोराला "माहा" म्हणणं म्हणजे काय, हे मला चांगलं कळत होतं. गावानं तो शब्द इतका घाण केला होता की तो कोणत्याच घरात पुन्हा निघाला नव्हता.

मी म्हटलं, "माहा!"

सासऱ्यानं माझा पदर धरला. पदर त्यांच्या हातात राहिला, मी पुढं गेले. आणि बाकीच्या चौघी, ज्या सालभर दाराबाहेर पडल्या नव्हत्या, त्या हात पसरून पुरुषांच्या पुढं उभ्या राहिल्या. दात पडलेली बाई पाटलाच्या छातीला हात लावून ओरडली, "मागं सरका! बोलली ना ते!"

दगडांवर पाय रोवले. हात जोडले. कोपरापासून मनगटापर्यंत, मधे फट नाही. मास्तरांनी सोडलं. पोर खाली येताना किती मोठं होत जातं, ते कोणाला सांगून कळायचं नाही. मी गुडघ्यातून खाली गेले. पोर हातांवर पडलं, उजव्या हातातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. पोर घसरून माझ्या छातीशी आलं आणि मी ते धरलं. दोन्ही हातांनी, मोडलेल्या हातानंसुद्धा. घट्ट धरलं.

धरलं की शिट्टी वाजायची. मी वाट बघितली. वाजली नाही. वर बघितलं तर झरोक्यात नुसता धूर होता. मग छप्पर आत बसलं. कवेलू फुटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. ते आम्हीच फेरले होते.

इंदू डोक्यावर पानांचा भारा घेऊन आली तेव्हा पोर माझ्या मांडीवर होतं. तिनं भारा टाकला आणि पोराला पाजायला बसली, सगळ्यांच्या समोर.

तिला घर राहिलं नव्हतं. मी तिला आमच्या घरी आणलं. सासरा दारात आडवा उभा राहिला. "लोकं का म्हनतीन?"

"मी बोलली ना, मामाजी, माहा म्हनून," मी म्हटलं. "आता तुमी मागं सरका."

नवऱ्यानं बापाचा हात धरून बाजूला केलं. 

इंदू आमच्याकडं म्हातारी होऊन गेली. पोरगा मला मोठी आई म्हणतो. गुडघे चांगले आहेत त्याचे. माझा हात हाडवैद्यानं बांधला, तो कोपरातून अजून सरळ होत नाही.

छपरी पडली तेव्हा त्या घरात दोघं होते. पोरगा वाचला.